शब्दाला जागणारा गेन

ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर गेनचा आकडा ठळक छापलेला असतो. समजा, 20 डेसिबल. खाली बारीक अक्षरांत अटी: तापमान 25 अंश सेल्सियस, पुरवठा 5 व्होल्ट, दोन्ही बाजूंना 50 ओहम. जालन्यात मस्तगडाच्या आसपास एखाद्या गच्चीवर, पत्र्याच्या डब्यात हाच ॲम्प्लिफायर बसवला की या तिन्ही अटी पहिल्या वर्षातच मोडतात. मे महिन्यात बाहेर 42 अंश असतील तर बंद डब्यात किती, ते डब्याला हात लावणाऱ्यालाच कळतं. डिसेंबरात पहाटे तोच डबा दहा-बारा अंशांवर येतो. वीज कधी चढते, कधी उतरते. पावसाळ्यात अँटेनाच्या जोडात पाणी शिरतं आणि 50 ओहमचे 50 राहत नाहीत. माहितीपत्रक खोटं बोलत नाही; ज्या खोलीत मोजमाप झालं त्या खोलीपुरतं ते खरं असतं.

हे पुस्तक त्या खोलीबाहेरच्या ॲम्प्लिफायरबद्दल आहे. पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, वायरलेस सेट आणि टॉवरची देखभाल करणारे, हॅम रेडिओची हौस असणारे हे त्याचे वाचक. ओहमचा नियम आणि लॉगॅरिदम एवढी शिदोरी पुरेशी आहे. गणित जिथे टाळता येत होतं तिथे टाळलं आहे, पण आकडे टाळलेले नाहीत. या विषयात आकड्यांशिवाय केलेली चर्चा म्हणजे नुसता वारा.

पाठ्यपुस्तकांत दोन गोष्टी एकमेकींपासून दूर ठेवलेल्या असतात. तापमानाने आणि पुरवठ्याने गेन कसा सरकतो, ते बायसिंगच्या प्रकरणात. सिग्नल मोठा झाला की गेन कसा दबतो, ते डिस्टॉर्शनच्या प्रकरणात. विद्यार्थी एक प्रकरण पाठ करतो आणि दुसरं ऑप्शनला टाकतो. माझ्या मते हे मुळात एकच प्रकरण आहे. दोन्हीकडे गेनच बदलत असतो. एकीकडे तासा-दिवसांच्या हिशेबात, दुसरीकडे लहरीच्या एकाच हेलकाव्यात.

मोंढ्यातला काटा घ्या. उन्हाळ्यात प्रत्येक पोत्याला शेकडा एक जास्त दाखवणारा काटा वाईटच, पण त्याचा हिशेब मागाहून लावता येतो: एक माहीत असलेलं वजन ठेवा, चूक काढा, सगळ्या पावत्या दुरुस्त करा. 20 किलोला बरोबर आणि 100 किलोला कमी दाखवणारा काटा एका वजनाने पकडता येत नाही, त्याला दोन-तीन वजनं लावून पाहावी लागतात. आणि ज्याची ही दुसरी खोडही उन्हाप्रमाणे बदलते, त्याच्यापुढे अडत्याने हात टेकावेत. ट्रान्झिस्टर हा तिसऱ्या जातीचा काटा आहे.

त्याचं कारण त्याच्या पोटातच आहे. बायपोलर ट्रान्झिस्टरमध्ये बेसच्या व्होल्टेजप्रमाणे कलेक्टरचा करंट घातांकाने वाढतो, आणि त्या घातांकाच्या छेदात तापमान बसलेलं असतं. खोलीच्या तापमानाला हा छेद सुमारे 26 मिलिव्होल्ट भरतो. दोन्ही दुखणी याच एका समीकरणातून निघतात. एमिटरला रेझिस्टर नसलेल्या उघड्या ट्रान्झिस्टरला अवघ्या 1 मिलिव्होल्टचा सिग्नल दिला तरी सुमारे एक टक्का दुसरा हार्मोनिक बाहेर पडतो, कारण 26 च्या मानाने 1 काही फार लहान नाही. आणि तापमान एका अंशाने वाढलं की तोच करंट वाहायला लागणारं बेस-व्होल्टेज सुमारे 2 मिलिव्होल्टने उतरतं. बेसचं व्होल्टेज बांधून ठेवलं आणि डबा 40 अंशांनी तापला, तर करंट वीसेक पट होतो. वीस टक्के नव्हे, वीस पट. त्यापुढे वाढलेल्या करंटने ट्रान्झिस्टर आणखी तापतो, आणि मग गेनची चर्चा करायला ट्रान्झिस्टरच उरत नाही.

एमिटरला रेझिस्टर लावून करंट आवरता येतो, हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. करंट आवरला की गेनही आवरला, असा समज मात्र बऱ्याच सर्किटांत दिसतो आणि तो चुकीचा आहे. करंट अगदी स्थिर ठेवला तरी ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स (बेसच्या व्होल्टेजमागे कलेक्टरचा करंट किती हलतो ते माप) केल्व्हिनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. 10 अंशांची पहाट म्हणजे 283 केल्व्हिन आणि 45 अंशांची दुपार म्हणजे 318. एवढ्या फरकाने एका टप्प्याचा गेन सुमारे 1 डेसिबलने उतरतो. असे तीन टप्पे एकामागे एक असले की 3 डेसिबल, म्हणजे दुपारी शक्ती निम्मी. यावरचा उपाय गमतीचा आहे: करंट स्थिर ठेवायचाच नाही. बायस सर्किट असं रचायचं की करंटही केल्व्हिनच्या प्रमाणात वाढत जाईल आणि दोन्ही बदल एकमेकांना खाऊन टाकतील. आजच्या बहुतेक रेडिओ चिप्समध्ये असा बायस कुठे ना कुठे बसवलेला असतो. दुसऱ्या प्रकरणात तो सुट्या ट्रान्झिस्टरांनी बांधून दाखवला आहे.

इतिहासाकडे वळायचं तर 1927 साल सोडून चालणार नाही. 23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या रेडिओ केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. त्यानंतर दहाच दिवसांनी, 2 ऑगस्टला, न्यूयॉर्कमध्ये हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत हॅरल्ड ब्लॅक नावाच्या तरुण इंजिनिअरने वर्तमानपत्राच्या पानावर एक आकृती आणि काही समीकरणं खरडली. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर लागायचे. एकेकाची चूक लहान, पण शेकडो एकामागे एक आले की त्या चुकांचा गुणाकार होई, आणि एका संभाषणाचे अवशेष दुसऱ्यात ऐकू येत. ब्लॅकची युक्ती अशी होती: आउटपुटचा छोटा हिस्सा उलटा करून इनपुटला परत द्यायचा. गेनचा मोठा भाग त्यात वाया जातो, पण उरतो तो गेन व्हॅक्यूम ट्यूबच्या लहरीवर चालत नाही. तो दोन रेझिस्टरांच्या गुणोत्तरावर ठरतो.

आकड्यांत पाहू. मूळ गेन 10,000 पट आणि त्यातला शंभरावा हिस्सा परत दिलेला, तर एकूण गेन 99 पट येतो. आता ट्यूब म्हातारी होऊन मूळ गेन निम्म्यावर, 5,000 वर आला, तर एकूण गेन 98 च्या किंचित वर राहतो. आत निम्मं घर कोसळलं तरी बाहेर एक टक्क्याचा फरक. आणि हेच औषध डिस्टॉर्शनलाही लागू पडतं, कारण फीडबॅकला गेन का बदलला याच्याशी देणंघेणं नसतं. म्हातारपणामुळे बदलला असो की लहरीच्या माथ्यावर दबल्यामुळे, परत आलेल्या हिश्शात फरक दिसतो आणि दुरुस्ती होते. त्याच डिसेंबरात ब्लॅकने डिस्टॉर्शन 50 डेसिबलने उतरवून दाखवलं. गेन वाढवण्यासाठी जन्मलेल्या यंत्रात गेन फेकून द्या म्हणणारा हा माणूस पेटंट कचेऱ्यांना मात्र विक्षिप्त वाटला. अमेरिकेतलं पेटंट हाती यायला 1937 चा डिसेंबर उजाडला.

मग सगळीकडे फीडबॅक लावून मोकळं का होत नाही? कारण फीडबॅकला फेकून देण्याइतका गेन हाताशी लागतो आणि परत आलेला हिस्सा वेळेवर पोचावा लागतो. 1 गिगाहर्ट्झला एक पूर्ण लहर एका नॅनोसेकंदात संपते, तेवढ्या वेळात सिग्नल केबलमध्ये जेमतेम वीसेक सेंटिमीटर जातो. ॲम्प्लिफायरमधून फिरून परत येईपर्यंत उलटा म्हणून निघालेला हिस्सा सुलटा होऊन बसतो, आणि ॲम्प्लिफायरचा ऑसिलेटर होतो. आवाजाच्या ॲम्प्लिफायरला वरदान ठरलेली युक्ती रेडिओच्या उंच फ्रीक्वेन्सीवर शाप ठरते. एमिटरच्या रेझिस्टरसारखा अगदी जवळचा, एकाच टप्प्यापुरता फीडबॅक तेवढा चालतो. बाकी सगळी कहाणी लांबचा फीडबॅक न वापरता काय करता येईल, याची आहे.

पहिला मार्ग रिसीव्हरवाल्यांनी काढला. 1927 सालीच पुण्याजवळच्या खडकीतून आणि दौंडहून इंग्लंडशी शॉर्टवेव्ह बीमने तारा जाऊ-येऊ लागल्या. प्रक्षेपण खडकीला, ग्रहण दौंडला. शॉर्टवेव्ह आयनोस्फिअरवर आपटून येते, आणि आयनोस्फिअर सूर्याप्रमाणे, ऋतूप्रमाणे, घटकेघटकेला बदलत असतो. येणारा सिग्नल शंभरपट-हजारपट वर-खाली होणं, म्हणजे फेडिंग, ही तिथली रोजची गोष्ट. इथे स्थिर गेन काहीच कामाचा नाही. गेन सिग्नलच्या उलट दिशेने हलायला हवा. अमेरिकेत हॅरल्ड व्हीलरने 1925 च्या अखेरीस त्यासाठी स्वयंचलित व्हॉल्यूम कंट्रोल शोधला होता. आज त्याला आपण एजीसी म्हणतो. रिसीव्हर स्वतःच सिग्नलची सरासरी पातळी पाहतो आणि गेन कमी-जास्त करतो.

एजीसी मुळात गेन बदलणारं यंत्र आहे. मग सरळपणाच्या, म्हणजे सिग्नल मोठा झाला तरी गेन न बदलण्याच्या, पुस्तकात त्याचं काय काम? काम असं की तो गेन सावकाश बदलतो. फेडिंगच्या मानाने चपळ आणि आवाजाच्या लहरींच्या मानाने मंद, अशा मधल्या फटीत तो राहतो. ही फट चुकली की खेळ बिघडतो. एएम रेडिओत एजीसीचा टाइम कॉन्स्टंट फार लहान ठेवा, तबल्याचा डग्गा दबलेला ऐकू येईल: एजीसीने डग्ग्याच्या घुमकाऱ्यालाच फेडिंग समजून गेन आवरलेला असतो. आणखी एक खोच आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. गेन कमी करण्यासाठी ट्रान्झिस्टरचा करंट उतरवणं स्वस्त आणि सोपं. पण करंट उतरवला की त्याची मोठा सिग्नल सोसण्याची ताकदही उतरते, आणि नेमका मोठा सिग्नल आला आहे म्हणूनच तर आपण गेन उतरवतो आहोत! पुढे पिन डायोडचा अटेन्युएटर घालून ट्रान्झिस्टरला त्याच्या पुऱ्या करंटवर राहू देणं महाग पडतं, पण माझं मत त्याच बाजूला आहे.

महाराष्ट्रात या साऱ्या प्रश्नांचं सर्वांत मोठं रूप पाहायचं तर नारायणगावजवळ खोडदला जावं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभारली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. या तबकड्यांवरचे ॲम्प्लिफायर ज्या सिग्नलसाठी आहेत तो किती क्षीण असतो? 1 जान्स्की तेजाच्या रेडिओ स्रोताकडून एका तबकडीला 32 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मिळणारी शक्ती 10 च्या उणे 15 व्या घाताइतक्या वॅटहूनही कमी भरते. खगोलशास्त्रज्ञांच्या लेखी 1 जान्स्की म्हणजे चांगला ठळक स्रोत.

खोडदचं खरं दुखणं एवढ्यावर थांबत नाही. तोच ॲम्प्लिफायर त्याच क्षणी मोबाईलचे टॉवर, एफएम, टीव्ही हेही ऐकत असतो, आणि ते या स्रोतापेक्षा लाखो पटींनी जोरकस असतात. ते आपल्या पट्ट्याबाहेर आहेत, पुढे फिल्टर लावला की संपलं, असं वाटेल. ॲम्प्लिफायर पूर्ण सरळ असता तर खरोखर संपलं असतं. थोडाही वाकडा असला की दोन जोरकस सिग्नल आतल्या आत एकमेकांत मिसळतात. 935 आणि 936 मेगाहर्ट्झचे दोन सिग्नल तिसऱ्या दर्जाच्या वाकडेपणातून 934 आणि 937 ला दोन भुतं उभी करतात. मूळ सिग्नल 1 डेसिबलने वाढले की ही भुतं 3 डेसिबलने वाढतात. जिथे आकाशात काहीच नव्हतं तिथे काहीतरी दिसू लागतं, आणि मागाहून कुठलाही फिल्टर ते काढू शकत नाही, कारण ते आता खऱ्या सिग्नलच्याच फ्रीक्वेन्सीवर बसलेलं असतं.

मग फिल्टर ॲम्प्लिफायरच्या आधीच लावावा, तर प्रत्येक फिल्टर थोडा सिग्नल खातो. खोलीच्या तापमानाच्या फिल्टरमध्ये 0.1 डेसिबलची गळती झाली तरी सुमारे 7 केल्व्हिनचा गोंगाट पदरी येतो. जिथे एकेक केल्व्हिनसाठी झगडायचं तिथे 7 म्हणजे खैरात. आधी फिल्टर की आधी ॲम्प्लिफायर, हा वाद या क्षेत्रात कधीच मिटत नाही. पट्टा बदलला, शेजार बदलला की उत्तर बदलतं. जीएमआरटीची सुधारित आवृत्ती आली तेव्हा एकेका फ्रीक्वेन्सीपाशी अरुंद पट्टे ऐकण्याऐवजी शेकडो मेगाहर्ट्झचे सलग पट्टे एकदम ऐकायचं ठरलं. पट्टा रुंद म्हणजे दार मोठं, आणि मोठ्या दारातून नको असलेले पाहुणेही जास्त. त्यामुळे सरळपणाची अट आणखी कडक झाली.

गेनच्या सरकण्याचंही तेच. रेडिओ खगोलशास्त्रात सिग्नल म्हणजे गोंगाटच, आणि मोजायची असते त्याची किंचित वाढ. 32 मेगाहर्ट्झचा पट्टा एक सेकंद मोजला तर तत्त्वतः सुमारे साडेपाच हजारात एक एवढा बारीक फरक कळायला हवा. पण त्या सेकंदात गेन हजारात एकने हलला, तर तो बारीक फरक त्यात बुडून जातो. 1946 मध्ये रॉबर्ट डिकी यांनी यावर तोडगा काढला: रिसीव्हर अँटेना आणि माहीत असलेल्या तापमानाचा रेझिस्टर यांच्यात झपाट्याने आळीपाळीने जोडत राहायचा आणि वजाबाकी मोजायची. गेन सरको बापडा. तो दोन्हींना सारखाच सरकतो. खोडदला वेगवेगळ्या तबकड्यांचे सिग्नल एकमेकांशी गुणले जातात, त्यामुळे एका तबकडीच्या गेनची थरथर दुसरीच्या थरथरीशी जुळत नाही आणि खोटा स्रोत उभा राहत नाही. पण तेज किती ते सांगायचं तर गेन कळलाच पाहिजे. म्हणून माहीत असलेला गोंगाट मुद्दाम मिसळायची सोय असते, आणि 3सी48, 3सी147, 3सी286 अशा ओळखीच्या, स्थिर तेजाच्या स्रोतांकडे मधूनमधून वळून पाहावं लागतं. सूर्याकडे तोंड करायचं तर मध्ये अटेन्युएटर घालावे लागतात, कारण शांत सूर्यही लाखभर जान्स्कीच्या घरात असतो आणि त्याच्यापुढे पुढचे टप्पे दबतात. पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणारे तारे, पाहताना पातळी आपोआप सांभाळणाऱ्या सर्किटाचा भरवसा धरता येत नाही. पल्सारचा ठोका आणि गेनचं सरकणं यांतला फरक त्या बिचाऱ्याला कळत नाही. डग्ग्याचंच दुखणं, फक्त आकाशातलं.

प्रक्षेपणाच्या बाजूला प्रश्न उलटा आहे. तिथे सिग्नल मोठाच असतो आणि खर्च विजेचा असतो. जुन्या जीएसएम फोनमध्ये लहरीची उंची ठरवूनच स्थिर ठेवली होती, त्यामुळे पॉवर ॲम्प्लिफायर दबलेल्या अवस्थेत चालला तरी बिघडत नसे. 4जीच्या टॉवरचा सिग्नल अनेक उपवाहकांची बेरीज असतो. ते कधीतरी एकाच वेळी माथ्यावर येतात आणि सरासरीच्या दहापट शक्तीचं शिखर उभं राहतं. ते शिखर न दबता जायला हवं तर ॲम्प्लिफायर सरासरीला शिखराच्या दहाव्या हिश्शावर चालवावा लागतो. क्लास ए ॲम्प्लिफायर शिखरावर फार तर 50 टक्के कार्यक्षम. दहाव्या हिश्शावर तो 5 टक्क्यांवर येतो. उरलेले 95 टक्के उष्णता. जालन्याच्या मे महिन्यात टॉवरच्या पेटीत ही उष्णता आधीच्या उष्णतेवर चढते, आणि तापमानाने गेन सरकतो हे आपण वर पाहिलंच.

फोनची आणखी एक पंचाईत: बॅटरी 4.2 व्होल्टवरून 3.4 वर येते तेव्हा न दबता देता येणारी शक्ती सुमारे 1.8 डेसिबलने घटते, आणि बोटं अँटेनावर पडली की लोडच बदलतो.

शिखरांपायी होणाऱ्या विजेच्या नासाडीवर उपाय म्हणून 1936 मध्ये बेल लॅबच्या विल्यम डोहर्टी यांनी दोन ॲम्प्लिफायर जोडले: एक नेहमी चालणारा, दुसरा फक्त शिखरांना मदतीला येणारा. त्यांना हवे होते मोठे एएम प्रक्षेपक. आज ही रचना मोबाईल टॉवरमध्ये सर्रास असते. ती वीज वाचवते, पण वाकडेपणा वाढवते. तो काढण्यासाठी डिजिटल प्रीडिस्टॉर्शन येतं: ॲम्प्लिफायर जितका दबणार तितका सिग्नल आधीच उलटा वाकवून पाठवायचा. किती वाकवायचं ते ठरवायला आउटपुटचा नमुना घेऊन गणित सतत नवं करत राहावं लागतं. म्हणजे फीडबॅक परत आलाच, फक्त तो प्रत्येक लहर दुरुस्त करत नाही, सावकाश शिकतो. एजीसीचीच मधली फट.

ही फटही नेहमी मोकळी सापडत नाही. मोठं शिखर येऊन गेलं की ट्रान्झिस्टरचा बारीक तुकडा मायक्रोसेकंदांत तापतो आणि पुढचा काही काळ त्याचा गेन वेगळा असतो. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन सापळ्यांत अडकून हळूहळू सुटतात, ते वेगळंच. तापमानाचा मंद बदल आणि सिग्नलचा जलद बदल इथे एकमेकांच्या हद्दीत घुसतात. आताचा गेन आताच्या सिग्नलवर तर ठरतोच, शिवाय गेल्या काही मायक्रोसेकंदांत काय होऊन गेलं त्यावरही. बायसिंग आणि डिस्टॉर्शन वेगळ्या प्रकरणांत शिकलेला माणूस इथे येऊन अडखळतो, आणि सातव्या प्रकरणाची निम्मी पानं याच अडखळण्यावर खर्च झाली आहेत.

पुस्तक शेवटापासून वाचायला हरकत नाही. शेवटच्या प्रकरणात मोजमापं आहेत, आणि ज्यांच्याकडे दोन सिग्नल जनरेटर आणि एक स्पेक्ट्रम ॲनालायझर आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. दोन टोन देऊन तिसऱ्या दर्जाची भुतं मोजताना एक खबरदारी घ्यावी: ॲनालायझरही एक सर्किटच आहे आणि तोही वाकतो. त्याच्या इनपुटला 10 डेसिबलचा अटेन्युएटर घाला. मूळ टोन आणि भुतं दोन्ही 10 डेसिबलनेच उतरली, तर भुतं तुमच्या ॲम्प्लिफायरची. टोन 10 ने आणि भुतं 30 ने उतरली, तर ॲम्प्लिफायर निर्दोष असू शकतो. आधी ॲनालायझरची पातळी उतरवा आणि मग पुन्हा मोजा, एकदा सकाळी आणि एकदा भर दुपारी.

मस्तगड, जालना